यंत्र वाजविणे आणि यंत्र जाणणे

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनास जे पालक उपस्थित होते, त्यांस त्या सायंकाळची आमची फजिती आठवत असेल. ज्यांस आठवत नसेल त्यांस मीच ती सांगतो. कारण तिचा दोष सर्वस्वी माझ्याकडे होता, आणि ज्या चुकीपासून काही शिकावयास मिळाले ती झाकून ठेवणे शिक्षकास शोभत नाही.

त्या वर्षी शाळेत एक सॅम्पलर आला होता. सॅम्पलर म्हणजे नादांचे कोठार. ढोलाची थाप असो, पावसाची सर असो की माणसाची हाक असो, ध्वनिमुद्रित करून घेतलेला कोणताही आवाज आकड्यांच्या रूपाने त्यात साठविता येतो, आणि वरच्या रबरी पॅडवर काठी पडताच तोच आवाज पुन्हा बाहेर येतो. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवावयाचा झाल्यास एका सेकंदात त्याची ४४,१०० मापे घ्यावी लागतात, आणि डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजू धरून एका मिनिटाचा आवाज सुमारे १० मेगाबाइट जागा व्यापतो. लग्नाच्या वरातीपुढे धुमाल पार्टी वाजत असता ज्यांनी ती जवळून पाहिली आहे, त्या विद्यार्थ्यांस ह्या जातीचे यंत्र नवीन नाही. ते त्यास ऑक्टोपॅड म्हणतात. वस्तुतः हे नाव जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली काढलेल्या आठ पॅडांच्या एका यंत्राचे होय; पुढे आपल्याकडे त्या घराण्यातील लहानमोठ्या सर्वच यंत्रांस तेच नाव पडले.

यंत्र आले तेव्हा मुलांस कोण आनंद झाला! दोन दिवसांत त्यांचे हात त्यावर बसले. आम्ही शिक्षकही खूष झालो, आणि येथेच आमचे चुकले. वाजविता आले म्हणजे यंत्र आले, असे आम्ही धरून चाललो.

पहिले विघ्न तालमीतच आले. मुलांनी वाजविलेले संगणकावर उतरून घ्यावे म्हणून आम्ही सॅम्पलर संगणकास जोडला होता. तेव्हापासून पॅडवर एक थाप मारली की दोन ऐकू येत; पहिलीच्या पाठीला पाठ लावून दुसरी. आम्ही मुलास म्हटले, "बाळा, तुझी काठी उडते, हात हलका ठेव." बिचारा हात हलका ठेवू लागला. थापा दोनच येत राहिल्या, मात्र दोन्ही क्षीण झाल्या.

दुसरे विघ्न प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या आरंभी उपस्थित झाले. नववीतील एक मुलगी कीबोर्डवर प्रार्थनागीत वाजवीत होती. कीबोर्ड व सॅम्पलर ह्यांची लय एक राहावी म्हणून दोहोंमध्ये आम्ही एक वायर जोडली होती. गीताचे दुसरे चरण सुरू होते न होते तोच, सॅम्पलरपाशी कोणीही नसता, आतून ढोल वाजू लागला. सभागृहात हशा पिकला आणि मुलगी रडवेली झाली.

तिसरे विघ्न मात्र हसण्यासारखे नव्हते. आमच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा परधान समाजातील असून किंगरी वाजवितात. गोंड कुळांच्या देवकार्यात परधानाने गजाने किंगरी वाजवून पूर्वजांच्या कथा गाव्या, ही ह्या डोंगरांतील जुनी रीत आहे. तिच्या आजोबांनी मोठ्या मनाने आपल्या किंगरीचे स्वर आम्हांस मुद्रित करू दिले होते. नातीने एकेका पॅडवर तो स्वर घेऊन त्याभोवती ढोल व गायन गुंफावे, अशी योजना होती. आजोबा पायी चालत आले आणि पहिल्या रांगेत बसले. पडदा वर गेला. मुलीने पॅडवर काठी टाकली. ढोल ऐकू आला, गाणे ऐकू आले. आणि ह्या सर्वांच्या वर, वादकांनी लय सांभाळावी म्हणून यंत्र जी टक् टक् करीत असते, ती सभागृहभर घुमू लागली. फक्त किंगरी आली नाही. प्रथमपासून शेवटपर्यंत आली नाही.

कार्यक्रम संपल्यावर आजोबा माझ्याजवळ आले. त्यांच्या मुद्रेवर राग नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, तुमच्या पेटीत माझी किंगरी आहे ना? मग ती आतच का बसून राहिली?"

मजपाशी उत्तर नव्हते. ते शोधण्यास मला पुढचे तीन आठवडे लागले, आणि ते सापडल्यावर जे मत माझ्या मनात दृढ झाले तेच आज ह्या अंकातून विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडीत आहे. मत असे की, जे यंत्र आपण मुलांच्या हाती देतो त्याचे केवळ वाजविणे शिकवून थांबणे हे अर्धवट शिक्षण होय. कोणता आवाज कोणत्या दाराने बाहेर जातो आणि कोणाची आज्ञा कोण ऐकतो, हे ज्यास ठाऊक आहे तोच त्या यंत्राचा धनी. बाकीचे सर्व त्याचे पाहुणे.

आता ती तीन विघ्ने एकेक घेऊन पाहू.

सॅम्पलरच्या पाठीमागे अनेक भोके असतात. ती दोन अगदी भिन्न जातींची आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. काहींतून आवाज जातो. काहींतून फक्त आज्ञा जाते. आज्ञा ज्यातून जाते त्यास मिडी म्हणतात. लग्नाची पत्रिका घरी आली म्हणजे जेवण घरी आले असे होत नाही. केव्हा व कोठे यावे एवढेच पत्रिका सांगते. तद्वत् मिडीच्या वायरीतून नाद वाहत नाही. अमुक स्वर, अमुक जोराने, आता वाजव, एवढाच निरोप वाहतो. वर सांगितलेल्या १९८५ च्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा असा एकही आवाज नव्हता, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तो आठ पॅडांवरून केवळ निरोप धाडी. आवाज काढणारे यंत्र वेगळेच असे.

ह्या निरोपाची भाषा एका माणसाने केली नाही. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलत नसत. तेव्हा अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी ह्या दोन प्रतिस्पर्धी कारखानदारांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका वायरीने जोडून दाखविण्यात आली. एकावर बोट ठेवताच दुसरे वाजू लागले. ती भाषा वापरण्याबद्दल त्यांनी कोणाकडून शुल्क घेतले नाही. म्हणूनच ती जगभर पसरली. २०१३ साली दोघांस ह्या कार्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक मिळाले. प्रतिस्पर्ध्यांनी एका भाषेवर एकमत करावे, ही गोष्ट आम्हा सीमेवरच्या लोकांस तरी लहान वाटू नये.

ही भाषा मोठी आटोपशीर आहे. एका वायरीतून सोळा वेगवेगळ्या चॅनेलांवर निरोप जाऊ शकतात. आपल्या वर्गात गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू व बंजारा बोली बोलणारी मुले एकत्र बसतात. एखाद्याने आपल्या बोलीत हाक दिली म्हणजे ती बोली जाणणारा मान वळवितो, इतर आपले काम करीत राहतात. चॅनेल म्हणजे तसेच. पहिल्या चॅनेलवर आलेला निरोप पहिल्या चॅनेलकडे कान लावून बसलेल्या यंत्रानेच ऐकावयाचा. प्रत्येक निरोपात स्वराचा क्रमांक ० ते १२७ ह्यांपैकी एक असतो. कीबोर्डच्या मध्यभागी जो सा-सारखा मधला स्वर असतो त्याचा क्रमांक ६०. आघाताचा जोरही तितक्याच पायऱ्यांनी मोजतात. सेकंदास ३१,२५० ह्या वेगाने हे अंक धावतात. म्हणजे एक पुरा निरोप पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो.

इतके समजले म्हणजे प्रार्थनागीतात ढोल का वाजला, हे आपोआप उलगडते. आमचा कीबोर्ड पहिल्या चॅनेलवर निरोप धाडीत होता आणि आमचा सॅम्पलरही पहिल्याच चॅनेलवर कान देऊन होता. मुलीची बोटे ज्या स्वरांवर पडत त्यांचेच क्रमांक सॅम्पलरच्या पॅडांस दिलेले होते. तिने स्वर वाजविला. सॅम्पलरने तो हुकूम समजून ढोल वाजविला. यंत्र बिघडले नव्हते. ते अतिशय आज्ञाधारकपणे वागत होते. उपाय एका क्षणाचा होता: सॅम्पलरला दहाव्या चॅनेलवर बसवावयाचे. १९९१ साली ठरलेल्या एका सर्वमान्य नियमाने दहावे चॅनेल तालवाद्यांस दिलेले आहे, म्हणून तेच निवडणे सोयीचे. मग ज्या लयीसाठी वायर जोडली होती ती लय तुटत नाही काय? नाही. लयीचे ठोके, एका मात्रेस २४ ह्या प्रमाणाने, कोणत्याही चॅनेलचे नसतात. ते सर्वांसाठी असतात. चॅनेल बदलले तरी लय एकच राहते. हे ज्या दिवशी मी मुलांस समजावून दिले, त्या दिवशी वर्गात काही वेळ शांतता पसरली होती. नुसत्या सेटिंगपेक्षा अधिक काही त्यांस त्यात दिसले असावे.

आता एका थापेच्या दोन थापा. आपल्या तालुक्याच्या सीमेवरील चौदा गावांची कथा आपणांस परिचित आहे. त्यांवर महाराष्ट्राने हक्क सांगितला तसा पूर्वीच्या आंध्र प्रदेशाने आणि २०१४ पासून तेलंगणानेही सांगितला. त्यामुळे तेथे वर्षानुवर्षे दोन ग्रामपंचायती, दोन शाळा व दोन शिधापत्रिका नांदत आल्या. एकाच ठिकाणी दोन बाजूंनी हुकूम येऊ लागले म्हणजे काय होते, हे त्या गावांतील आपल्या विद्यार्थ्यांस मी सांगावयास नको. आमच्या सॅम्पलरचे तेच झाले होते. पॅडवर काठी पडली की एक निरोप आतल्या आत आपल्या आवाजाकडे जाई, आणि दुसरा संगणकाकडे. संगणक तो तत्परतेने परत पाठवी. आवाजास एकच काम दोनदा सांगितले जाई, म्हणून तो दोनदा वाजे. ह्यावर उपाय म्हणून यंत्रात 'लोकल' नावाची एक कळ असते. ती बंद केली म्हणजे पॅड व आतला आवाज ह्यांचा थेट संबंध तुटतो आणि निरोप संगणकावरून एकदाच येतो. किंवा लोकल चालू ठेवून संगणकास निरोप परत पाठविण्याची मनाई करावी. दोहोंपैकी एकच करावे. मात्र लोकल बंद असताना संगणक काढून घेतला तर यंत्र मुके होते, हेही लक्षात ठेवावे. नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी पॅडवर कितीही काठ्या मारल्या तरी शांतताच ऐकू येईल.

ह्या ठिकाणी मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोष वायरीत असता तो आम्ही मुलाच्या हातात शोधला. शिक्षणात असे किती वेळा घडत असेल! ज्यास यंत्राचे आतले ठाऊक नाही तो माणसास दोष देतो, कारण माणूसच तेवढा त्याच्या डोळ्यांपुढे असतो.

राहिली किंगरी. हा प्रश्न मिडीचा नव्हे. आवाज ज्या दारांनी बाहेर पडतो त्या दारांचा होता. बहुतेक सॅम्पलरला मुख्य आवाजाची दोन दारे असतात, डावे व उजवे. त्याशिवाय चांगल्या यंत्रास एक जोड उपदारांची व एक भोक हेडफोनचे असते. १९८८ साली जपानच्या अकाई कंपनीसाठी रॉजर लिन ह्यांनी जे एमपीसी-६० नावाचे प्रसिद्ध यंत्र रचले, त्यास मुख्य जोडीखेरीज आठ स्वतंत्र दारे होती. इतकी दारे कशासाठी? एवढ्याचसाठी की, प्रत्येक आवाज मिक्सरवर वेगळा यावा आणि ढोल जड झाला तर गाणे न दडपता ढोल तेवढा उतरविता यावा. सर्व आवाज एकाच दाराने बाहेर काढले, तर मग कितीही कुशल साऊंडवाला असो, त्याच्या हाती एकच कळ राहते: सगळे वाढवा, नाहीतर सगळे कमी करा.

आम्ही मुद्रण करतेवेळी किंगरी सर्वस्वी डाव्या बाजूस ठेवली होती. सायंकाळी घाईत सॅम्पलरपासून मिक्सरपर्यंत एकच वायर लावली गेली, आणि ती लागली उजव्या भोकात. डाव्या दाराशी किंगरी उभी होती. तिला न्यावयास कोणी आलेच नाही. एकच वायर असल्यास ती डाव्या बाजूच्या, ज्यावर 'मोनो' असेही लिहिलेले असते, त्या भोकात घालावी. मग यंत्र दोन्ही बाजू एकत्र करून देते. हे त्याच्या पाठीवरच छापलेले होते. आम्ही वाचले नव्हते. आणि ती टक् टक्, जी फक्त वादकाच्या हेडफोनात जावयाची, ती कोणी न नेमल्यामुळे मुख्य दाराने बाहेर पडली. म्हणजे जे लोकांस ऐकवावयाचे नव्हते ते ऐकू गेले, आणि जे ऐकवावयाचे म्हणून एक वृद्ध मनुष्य पायी चालत आला होता ते आत राहिले.

ह्यावर तीन आक्षेप येतात, व ते करणारे माझे स्नेही असल्यामुळे त्यांचा विचार करणे माझे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप पालकांचा. ते म्हणतात, "गुरुजी, मुलांस दहावीची परीक्षा द्यावयाची आहे, ह्या वायरींचे त्यांस काय होय?" माझे उत्तर असे की, ज्या मुलाने एकदा आवाजाची वाट शोधून काढली, त्यास विज्ञानातील मंडल, गणितातील क्रमांक व भाषेतील सूचना ही तिन्ही एका ठिकाणी भेटली. कोठे तरी दोष आहे. तो उगमात आहे, मार्गात आहे की मुखाशी आहे, हे एकेक पायरी तपासून ठरविणे, ह्याहून शास्त्रीय बुद्धीचा दुसरा पाठ मला ठाऊक नाही. शिवाय पोटापाण्याचाही विचार आहे. ह्या भागात लग्नकार्ये, सभा व जत्रा होतात, तेथे पेट्या व मिक्सर सांभाळणारा माणूस लागतोच. तो बाहेरून का यावा?

दुसरा आक्षेप असा की, त्या कामासाठी साऊंडवाला पैसे देऊन बोलवावा. शाळेने त्यात पडू नये. साऊंडवाल्याच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. पण किंगरी कोणाची, ती कोणत्या बाजूस मुद्रित केली आणि पहिल्या रांगेत कोण बसले आहे, हे त्यास कसे कळावे? त्याच्या हाती तक्ता देणारा कोणी तरी आपल्यांतला हवा. तक्ता करता येण्यासाठी आतले ठाऊक हवे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्यात सत्याचा अंश आहे. काही म्हणतात, ही यंत्रे आली म्हणजे खरा ढोलवाला उपाशी राहील. ढोल डब्यात भरला की माणूस नको. ही भीती नवी नाही. ज्या हार्मोनियमवाचून आज आपले भजन, कीर्तन व उपासना चालत नाही, ती पेटीही युरोपातून आलेली. तिचे स्वर पक्के बांधलेले, तिच्यात मींड येत नाही, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली व पुढे क्रमाक्रमाने सैल झाली. परंतु त्याच्याही आधी महाराष्ट्रातील एका गृहस्थाने वेगळी वाट चोखाळली होती. कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली बावीस श्रुतींविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुती-हार्मोनियम घडविण्याचा उद्योग आरंभिला. त्यांचे वाद्य घरोघर पोहोचले नाही हे खरे. पण त्यांनी पेटीपुढे हातही जोडले नाहीत आणि पेटी फेकूनही दिली नाही. त्यांनी ती उघडून पाहिली. मला त्यांची ती वृत्ती हवी आहे.

आमच्याही सॅम्पलरच्या बाबतीत हा प्रसंग आला. आजोबांच्या किंगरीचा षड्ज कीबोर्डच्या कोणत्याही पट्टीशी नेमका जुळेना. एका हुशार मुलाने सुचविले की, किंगरीचा मुद्रित स्वर यंत्रात थोडा चढवून घ्यावा. दोन कळांचे काम. मी म्हटले, "आजोबांनी आयुष्यभर ज्या स्वरात गायिले तो आपण का हलवावा? कीबोर्डच्या सेटिंगमध्येही स्वर किंचित उतरविता येतो, तो उतरवू." तसे केले, आणि जुळले. यंत्राने माणसाशी जुळवून घ्यावे, माणसाने यंत्राशी नव्हे, हे सांगावयास सोपे आहे. पण ते प्रत्यक्षात आणावयाचे तर सेटिंगचे पान कोठे उघडते हे ठाऊक असावे लागते. ज्यास ते ठाऊक नाही त्यास कारखान्याने जसे बसवून दिले तसेच निमूटपणे स्वीकारावे लागते.

आणि आणखी एक. मुद्रणाच्या दिवशी आजोबांनी आम्हांस काही स्वर दिले व एक चाल दिली नाही. "ती देवाची आहे; पेटीसाठी नाही," असे ते म्हणाले. मी ख्रिस्ती आहे. त्यांची उपासना माझी नव्हे. तथापि पवित्र म्हणून राखलेली वस्तू रंगमंचावर काठीने बडवावयाची नसते, हे समजण्यास मला माझ्याच मंदिरापलीकडे जावे लागले नाही. आम्ही यंत्र बंद केले. म्हणून ढोलवाल्याच्या पोटाची व परधानाच्या मानाची ज्यांस काळजी आहे त्यांस माझे सांगणे असे की, यंत्र न शिकल्याने ती राखली जाणार नाहीत. कारण यंत्र तर आलेच आहे. ती राखली जातील ती यंत्र कोणाच्या हाती आहे व त्या हातास काय शिकविले आहे ह्यावर.

तेव्हा येत्या वर्षासाठी मी चार सूचना नम्रपणे करतो.

पहिली, आठवी व नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने, आणि मुलींनी मुलांच्या बरोबरीने, वर्षातून एकदा तरी कार्यक्रमाचा मार्गतक्ता आपल्या हाताने लिहावा: कोणता आवाज, कोणत्या पॅडवर, कोणत्या दाराने, मिक्सरच्या कोणत्या कळीवर, आणि कोणते यंत्र कोणत्या चॅनेलवर, लोकल चालू की बंद, टक् टक् कोणाच्या कानात. एक कागद पुरे आहे.

दुसरी, प्रेक्षक येण्यापूर्वी एकेक पॅड वाजवून एका मुलाने सभागृहाच्या शेवटच्या रांगेत व एकाने पहिल्या रांगेत बसून प्रत्येक आवाज ऐकू येतो की नाही ह्यावर खूण करावी. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. ती आम्ही केली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

तिसरी, गावातील कोणाचाही आवाज मुद्रित करावयाचा तर आधी विचारावे; दिला तर त्याच्या नावाने जपून ठेवावा, एक प्रत त्याच्या घरी द्यावी; नाही म्हटले तर विषय तेथेच संपवावा.

चौथी, यंत्रात ढोल असला तरी स्नेहसंमेलनास खरा ढोलवाला बोलवावा व त्यास त्याचा मोबदला द्यावा. यंत्रातील ढोल मुलांच्या सरावासाठी असावा. ढोलवाल्याची जागा रिकामी करण्यासाठी नसावा.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात वाद्यांचा दाखला दिला आहे. वाद्याचा नाद स्पष्ट नसेल तर ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ कळावा कसा, असा त्या दाखल्याचा रोख आहे. मी तो अध्याय अनेकदा शिकविला. पण वायर चुकीच्या भोकात घालीपर्यंत तो मला पुरता समजला नव्हता.

असो. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर सापडल्यावर, एका रविवारी दुपारी, त्यांची नात, दोन मुले व मी असे सॅम्पलर घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. घरातून वीज घेतली, लहान स्पीकर लावला, आणि वायर डाव्या भोकात घातली. नातीने काठी टाकली. किंगरी वाजली. आजोबांनी मान थोडी वाकडी करून ऐकले, मग उठून यंत्राची पाठ पाहिली आणि विचारले, "कोणत्या दाराने आली?" नातीने बोट ठेवून दाखविले, आणि गोंडीत त्यांस सर्व समजावून सांगितले: हे डावे, हे उजवे, ह्यातून फक्त निरोप जातो, ह्यातून आवाज. मला त्यातील निम्मे शब्द कळले नाहीत. पण तिने एकदाही माझ्याकडे वळून पाहिले नाही, तिला कोठे अडले नाही. तेव्हा ती यंत्र केवळ वाजविणारी राहिली नसून जाणणारी झाली आहे, एवढे मला कळले.

ह्या वर्षीच्या संमेलनाचा मार्गतक्ता तिच्याच अक्षरातला आहे. पहिल्या ओळीत तिने किंगरी लिहिली आहे, आणि तिच्यापुढे दोन्ही दारे.